मोहटोल्याचं बंद मशीन

सोमवार, १७ मार्च २०२५. चंद्रपूर बसस्थानकाबाहेर, सकाळी साडेसात. हजर: मी, वय त्रेपन्न, नाशिकहून आलेली, महादेवभाऊ, भाड्याच्या बोलेरोचे मालक आणि चालक, वनिता, वय चौतीस, मोहटोल्याची बँक मित्र. वनिता मला न्यायला पहिल्या गाडीने आली होती, आणि येताना आपलं मशीन डब्याच्या पिशवीत घालून घेऊन आली होती. मशीन बंद होतं, तरी ते घरी ठेवून यायला ती तयार नव्हती.

गावाचं नाव मी बदललं आहे, माणसांचीही. बाकी सगळं घडलं तसं.

आमच्या नाशिकला कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपयेसुद्धा फोनवरून देतात. त्यामुळे बँक मित्र म्हणजे काय, हे आधी सांगते. मोहटोल्याहून बँकेची शाखा अठरा किलोमीटरवर, गोंडपिपरीला. एस.टी. दिवसातून दोनदा. म्हणून बँकेने गावातल्याच एकीला तळहाताएवढं मशीन दिलं आहे. त्यावर अंगठा ठेवायचा, रक्कम सांगायची. वनिता आपल्या गल्ल्यातली रोख रक्कम हातात देते आणि तेवढे पैसे तुमच्या खात्यातून तिच्या खात्यात जातात. वर तिला थोडं कमिशन. तिचं टेबल बुद्धविहाराच्या ओसरीवर असतं. मी बँकेतली नोकरी सोडल्यापासून अशा मित्रांना शिकवते. चार वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या वर्गात पंचवीस जण होते, त्यांत बायका दोन. त्यातली ही एक.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. "बाई, माया मशीनले कुलूप लागलं. गावात मले चोर म्हनून राह्यले."

प्रकरण असं. गावातल्या अनुसयाबाई वनिताकडे शिल्लक बघायला गेल्या. पाच हजार कमी निघाले. बँकेने सांगितलं की गेल्या महिन्यात मार्कंड्याच्या जत्रेच्या दिवशी चामोर्शीच्या एटीएममधून कार्डाने काढलेत, पिनचा आकडाही बरोबर टाकलाय, तेव्हा बँकेची जबाबदारी नाही. अनुसयाबाई म्हणाल्या, कार्ड माझ्या डब्यातून हललेलं नाही. आकडा माझ्याशिवाय एकीलाच माहीत, वनिताला. तिनेच तो बसवून दिला होता. आणि जत्रेला वनिता गेली होती. हे त्या घरात बोलल्या असत्या तर गोष्ट वेगळी. त्या विहारात, वंदना झाल्यावर, सगळ्यांसमोर बोलल्या. वर तक्रारीवर अंगठा दिला. मशीन पुरवणाऱ्या कंपनीने लगेच ते बंद केलं आणि कळवलं की तक्रार निकाली निघेपर्यंत चालू होणार नाही, आणि ३१ मार्चपर्यंत एकही व्यवहार झाला नाही तर वनिताचा क्रमांक रद्द.

चौदा दिवस हातात होते आणि त्यातले चार माझे. मी वहीत कामं लिहिली: कार्ड पाहणे, पासबुक पाहणे, चामोर्शीला जाऊन एटीएमच्या कॅमेऱ्याचं विचारणे, तक्रार मागे घ्यायला लावणे. शेवटच्या कामापुढे कसं ते लिहिता आलं नाही.

बल्लारपूर, कोठारी मागे पडलं की दोन्हीकडे साग. मार्चमध्ये सागाला पान नसतं, पण मोहाखाली पिवळट फुलांचा सडा असतो आणि गाडीच्या खिडकीतून गोड, थोडा आंबूस वास आत येतो. बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. कोठारीला चहा प्यायला थांबलो तेव्हा माझ्या चपलेखाली फुलं चिकटली आणि गोंडपिपरीपर्यंत माझा पाय पायदानावरून सटकत राहिला.

महादेवभाऊंनी विचारलं, "बाई, तुमच्या तिकडं मोहा नाई?"

"द्राक्षं आहेत."

"मंग एकच काम होय जी," ते म्हणाले. वनिता चंद्रपुरापासून पहिल्यांदा हसली.

मोहटोल्यात जेवण वनिताच्या सासूबाईंनी वाढलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्यात सुके झिंगे. आमच्याकडे भाकरी आधी आणि भात शेवटी. इथे सुरुवात भाताने आणि शेवटही भाताने, आणि मध्ये नको म्हणायची सोय नाही. सासूबाई मला वाढताना सुनेला ऐकवत होत्या: "सोडून दे म्हन्ते ते मशीन. चार पैशे भेटते अन् चाळीस लोकाइचं आयकून घ्या."

"सोडलं तं खरंच चोर ठरीन मी, आई," वनिता म्हणाली. तिने ताटातून मान वर केली नाही.

संध्याकाळी मी एकटीच अनुसयाबाईंकडे गेले. साठीच्या पुढच्या, उंच, ताठ. अंगण इतकं स्वच्छ सारवलेलं की मी चपला फाटकाबाहेर काढल्या. नवरा नाही. मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. खात्याला त्याचाच मोबाइल जोडलेला, आणि त्याने तिकडे नंबर बदललेला. म्हणजे पैसे निघाल्याचा संदेश कोणालाच आला नव्हता. त्यांनी तांदळाचा पत्र्याचा डबा आणला, हात कोपरापर्यंत आत घातला आणि पिशवीतलं कार्ड काढून माझ्या पुढ्यात ठेवलं.

"पाहा. हललं काय इथून? नाई."

कार्डावर नाव नव्हतं. सरसकट वाटतात त्या कार्डांवर ते नसतंच. मी वहीत तेवढं लिहून घेतलं.

"वनितानेच काढले असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"मले वाटून काय होते? कार्ड माया डब्यात, आकडा माया डोक्यात. तिसरं कोन हाय? तीच." मग म्हणाल्या, "पोरगी चांगली होती व. तिच्या लग्नात मी हळद लावली."

मी विचारलं, "उद्या चामोर्शीला येता? कार्ड, पासबुक घेऊन. वनिताही असेल."

"ती गाडीत असन तं मी मागे बसन," त्या म्हणाल्या.

मंगळवार, १८ मार्च. वनिता पुढे, अनुसयाबाई मागे, मी अनुसयाबाईंशेजारी. आष्टीच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. एवढ्या वेळात दोघींनी एकमेकींशी एक शब्दही काढला नाही. बोलायचं असलं की महादेवभाऊंमार्फत.

"भाऊ, खिडकी लावा म्हना. धूळ येऊन राह्यली," मागून.

"भाऊ, खिडकी लावली तं मले उलटी होते म्हना," पुढून.

महादेवभाऊंनी आरशात माझ्याकडे पाहिलं. "मी गाडी चालवू का टपाल वाटू?"

चामोर्शीत ज्या शाखेचं एटीएम, तिथल्या साहेबांनी दुपारी तीननंतर यायला सांगितलं. तीन तास मोकळे होते. मार्कंडा जवळच आहे. गेलो.

मार्कंड्याला वैनगंगा वळण घेते आणि तिच्या काठावर देवळांचा समूह आहे. ऊन पांढरं, पाणी संथ, आणि दगडावर इतकी माणसं कोरलेली की बघणाऱ्याला आपणच एकटे वाटावं: नाचणाऱ्या, आरसा धरलेल्या, मुलाला कडेवर घेतलेल्या. एका बाजूला काही जुने दगड उतरवून रांगेत मांडले आहेत आणि प्रत्येकावर क्रमांक घातलेला आहे. कोणता दगड कुठे बसायचा हे चुकू नये म्हणून. मी कोरीव बायांपेक्षा त्या क्रमांकांपाशी जास्त वेळ उभी राहिले, हे कबूल करते. तेवढ्यात एका माकडाने माझ्या पिशवीतून चिवड्याचा पुडा आणि त्याबरोबर माझी यादीची वही उचलली. पुडा फोडून खाल्ला, वही नदीच्या पायऱ्यांवर टाकून दिली. शेवटची तीन पानं भिजली.

अनुसयाबाई देवळात आल्या नाहीत. "मले देवाशी काम नाई, मी पान्याजवळ बसते," म्हणाल्या. वनिता दूर, दुसऱ्या पायरीवर. मी मधल्या पायरीवर बसून तिघींची डाळ-भाकरी सोडली. महादेवभाऊ गाडीत झोपले होते.

"जत्रेत इथी पाय ठेवाले जागा नसते," अनुसयाबाई नदीकडे बघत म्हणाल्या. "त्या वडापाशी माया जावेनं फुटान्याचं दुकान लावलं होतं. शेवंतानं. दोन पोते इकले."

"तुम्ही होता?"

"मी नाई आली यंदा. घुडगे दुखत होते."

मी हे ऐकलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता.

तीन वाजता साहेबांनी सांगितलं की इतक्या दिवसांपूर्वीचं चित्रण मिळणार नाही, आणि मिळालं तरी आम्हाला नाही, पोलिसांना. लेखी अर्ज करा. मी तो तिथेच केला, पोच घेतली. बाहेर आल्यावर चामोर्शीत करण्यासारखं एकच काम उरलं होतं: अनुसयाबाईंच्या हातात जे कार्ड आहे ते निदान चालतं का, हे त्याच एटीएममध्ये घालून बघणं. चालत नसेल, तर खरं कार्ड नेऊन कोणी डब्यात बाद कार्ड ठेवलं असेल, आणि मग वनिताचं अवघड.

एटीएमच्या खोलीत आम्ही तिघी. मी शिकवते त्याप्रमाणे आकडा टाकताना पाठ फिरवून उभी राहिले. वनिताही भिंतीकडे तोंड करून. अनुसयाबाईंना कळा शोधायच्या होत्या, म्हणून त्या बोट ठेवताना मोठ्याने म्हणत गेल्या:

"एक. नऊ. पाच..."

"काकू, हळू!" वनिता भिंतीकडेच तोंड करून ओरडली. दिवसभरात तिने त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द. "अख्ख्या मोहल्ल्याचा तोच हाय!"

"सहा," अनुसयाबाईंनी शेवटची कळ दाबली आणि मागे वळल्या. "म्हन्जे तुले माहीत होता ना माया आकडा!"

"सगळ्याइचा माहीत हाय! माया बी तोच, माया सासूचा बी तोच. एकोनीस घरं हायेत, सगळ्या घराइच्या कार्डाइले मीच आकडा बसवून देला. काय टाकू इचारलं तं जो तो म्हने, छप्पन टाक."

एकोणीसशे छप्पन. धर्मांतराचं साल. मी स्वतःही अशाच बौद्ध घरातली. आमच्याकडेही वडिलांनी ते साल दाराच्या चौकटीवर रंगवलं होतं. आता वाचकांना एक सांगणं भाग आहे. बँक मित्रांना वाटायची पुस्तिका मी लिहिली आहे. तिच्या अकराव्या पानावर माझं वाक्य आहे: जन्मतारीख टाकू नका, आयुष्यात कधीच विसरणार नाही असा आकडा निवडा. वनिताने ते वाक्य घरोघर वाचून दाखवलं होतं. एकोणीस घरांनी ते ऐकलं आणि तंतोतंत पाळलं.

मी काही बोलणार एवढ्यात यंत्रातून पावती बाहेर आली. मी ती वाचली. शिल्लक चोवीस हजार तीनशे बारा.

"किती?" अनुसयाबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी यंत्रावरचा हात असा काढला जसा चुलीवरच्या तव्यावरून काढावा. "एवढे माये नाई. माये सहा हजार हायेत. बाई, हे माये पैशे नाई. कोनाचे हायेत? बंद करा ते."

पावतीवर खात्याचे शेवटचे चार अंक होते. मी पासबुक उघडलं. अंक वेगळे.

मी खोलीच्या पायरीवर बसले आणि विचारलं, "अनुसयाबाई, तुमच्या त्या डब्यात आणखी कोणाचं कार्ड होतं?"

"शेवंताचं. चूल वेगळी झाली, पन डबा एकच ठेवला आमी. दोघीइचे कार्ड एकाच दिवशी आले." त्यांनी हातातलं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

जत्रेच्या आधी शेवंताबाईंनी डब्यातून आपलं म्हणून कार्ड काढलं. ते जावेचं होतं. नाव कोणावरच नाही. एरवी दुसऱ्याचं कार्ड घातलं की आकडा जुळत नाही, यंत्र पैसे देत नाही आणि माणसाला घरी जाऊन डबा बघावा लागतो. इथे यंत्राने शंका घ्यायला जागाच नव्हती. मोहटोल्याच्या त्या मोहल्ल्यात कोणाचंही कार्ड कोणाच्याही आकड्याने उघडत होतं.

परतीच्या वाटेवर खिडकीबद्दल कोणी काही म्हटलं नाही. आष्टीच्या पुलाआधी टायर बसला. महादेवभाऊ जॅक लावत असताना वनिता माझ्याजवळ आली. "बाई, मी सुटली ना?" मी हो म्हटलं. तिने गाडीत बसलेल्या अनुसयाबाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या, हातात ते कार्ड दोन बोटांत धरून, आपल्या अंगाला लागू नये असं.

बुधवार, १९ मार्च. शेवंताबाई जत्रेनंतर मुलाकडे माजरीला गेल्या होत्या आणि जावेचं कार्ड त्यांच्याजवळच होतं. फोनवर सांगून भागलं असतं, पण मला दोन्ही कार्डं एका टेबलावर हवी होती. अनुसयाबाई येते म्हणाल्या. वनिता आली नाही. "मी काऊन येऊ? त्यायच्या घरचं त्याइनं पाहावं."

चंद्रपूर ओलांडून भद्रावतीकडे गेलं की जंगलाची सवय झालेल्या डोळ्यांना धक्का बसतो. माजरी कोळशाची जागा. रस्त्यावर काळी भुकटी, आंब्याच्या मोहरावर काळी भुकटी, आणि मातीचे डोंगर जे डोंगर नाहीत, खाणीतून काढून टाकलेले ढीग आहेत. शेवंताबाईंचा मुलगा गौतम तिथे कंत्राटदाराची गाडी चालवतो. घर दोन खोल्यांचं. दारात शेवंताबाई उभ्या: बुटक्या, गोल, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा.

मी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकलं, थुंकून आल्या, कार्ड आणून जावेच्या मांडीवर टाकलं.

"म्हन्जे मी चोर निघाली व, अनुसये?"

"तुले कोन चोर म्हन्लं?"

"तू विहारात म्हन्लं ना. चोराचं नाव चुकलं तुयं, एवढंच." आणि त्या इतक्या जोरात हसल्या की शेजारीण डोकावली. "ये व, ये, पाय! माया जावेचे पैशे मी खाल्ले! चाळीस वर्सं हिच्या हातचं खाऊन राह्यली, ते नाई मोजलं हिनं कधी, पाच हजार मोजले!"

अनुसयाबाईही हसल्या. गौतमने तिथल्या तिथे फोनवरून पाच हजार अनुसयामावशीच्या खात्यात टाकले. तो तिला मावशीच म्हणतो. फोनने पैसे पोचल्याचा आवाज केला. सगळं मिळून अर्धं मिनिट. मग त्याने आपल्या फोनवरून अनुसयाबाईंच्या मुलाचा नवा नंबर शोधून मला दिला, खात्याला जोडायला. मी वहीच्या भिजून वाळलेल्या पानावर लिहून घेतला.

जेवायला बोंबलाचं कालवण आणि पुन्हा भात. निघताना शेवंताबाई गाडीच्या खिडकीशी आल्या. हसू नव्हतं.

"अनुसये, आता त्या वनिताले जाऊन सांग."

"कार्डाची गडबड झाली म्हून सांगीन ना."

"कार्डाचं नाई. तुयं सांग."

अनुसयाबाईंनी पदर सारखा केला. "चाला, महादेवभाऊ. ऊन होऊन राह्यलं."

गुरुवार, २० मार्च. सकाळी आठला विहारात बैठक. एकोणीस घरांतून तीस-एक माणसं. मी कार्डांची अदलाबदल कशी झाली ते सांगितलं. मग म्हटलं, "तुम्हा सगळ्यांचा एटीएमचा आकडा मला माहीत आहे. सांगू?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग मागून एका म्हाताऱ्यांचा आवाज: "सांगू नोका बाई. आमी एकमेकाइकडं पायलं ना, तवाच समजलं." आणि सगळा विहार हसायला लागला.

"तो बदलायचा आहे. आजच."

"छप्पन सोडाचं?" तेच म्हातारे. आता ते हसत नव्हते.

"भाऊ, छप्पन घरात ठेवा, भिंतीवर ठेवा, डोक्यात ठेवा. यंत्रात नको. जे साल सगळ्यांना माहीत आहे ते कुलूप होत नाही. चूक माझी आहे. पुस्तिकेत मी नीट लिहिलं नाही."

गोंडपिपरीला जायला टेम्पो ठरवला. सगळी कार्डं गोळा केली, प्रत्येकावर मी कायम शाईने मालकाच्या नावाची आद्याक्षरं घातली. एटीएमसमोर रांग. नियम मी तीनदा सांगितले: आकडा मनात ठरवा, बोलू नका, एकट्याने आत जा. पहिली बाई आत गेली आणि आतूनच विचारलं, "बाई, अठराशे एक्क्यान्नव चालते काय?"

ते विहारातल्या तसबिरीखाली लिहिलेलं जन्मसाल. रांगेतल्या निम्म्या लोकांनी कपाळावर हात मारला. त्यांनीही तेच ठरवलं होतं. रांग मोडली. लोक चिंचेखाली एकेकटे, एकमेकांकडे पाठ करून बसले आणि विचार करू लागले. गोंडपिपरीचे लोक येता-जाता बघत होते. शेवटचं कार्ड बदलायला पावणेदोन वाजले. कोणी काय ठरवलं ते मला माहीत नाही, आणि हे त्या दौऱ्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम. माझा स्वतःचा आकडा मीही रांगेच्या शेवटी उभं राहून बदलला.

शाखेत अनुसयाबाईंनी तक्रार मागे घेण्याच्या अर्जावर अंगठा दिला. मी पोच घेतली, कंपनीला फोटो पाठवला, दर वीस मिनिटांनी फोन केला. साडेपाचला वनिताच्या मशीनवर हिरवा दिवा लागला. ओसरीवर पंधरा माणसं आधीच बसली होती; कोणाला दोनशे हवे होते, कोणाला पाचशे. इतके दिवस त्यांनी सात किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावच्या बँक मित्राकडे ऑटोने जाऊन पैसे काढले होते.

वनिताने मशीन पुसलं. टेबलावर ठेवलं. रजिस्टर उघडलं. मग मशीन उचलून पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप घातलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"पयला अंगठा काकूचा," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्याइनं इथी, सगळ्याइसमोर मले चोर म्हन्लं. इथीच, सगळ्याइसमोर अंगठा ठेवाव. मले माफी नाई पायजे. दहा रुपये काढले तरी चालते. पन पयला त्याइचा."

"वनिता, ३१ तारखेपर्यंत व्यवहार नाही झाला तर क्रमांक जाईल."

"माहीत हाय, बाई."

"मग एकाचा तरी करून ठेव. कागदापुरता."

"तुमीच शिकवलं ना, लोकाइचा भरवसा नसन तं मशीन डबडं हाय म्हून." हे मी खरंच शिकवते.

मी अनुसयाबाईंकडे गेले. त्या अंगणात मोहाची फुलं चटईवर पसरत होत्या. वनिताचं म्हणणं मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी फुलं पसरणं थांबवलं नाही.

"मी अर्जावर अंगठा देला ना."

"दिलात."

"मंग? आता मी आपल्या मनानं जाऊन उभी राहू काय तिथी, सगळे पाहून राह्यले असतानी? तिनं येऊन बोलवावं. या काकू म्हनावं. मी येते."

मी परत विहारात गेले. वनिता म्हणाली, "काकूले घर माहीत हाय."

त्या संध्याकाळी विहार आणि अंगण यांच्यामध्ये मी चार फेऱ्या घातल्या. अंतर फार तर दीडशे पावलं. पाचव्या वेळी दोघींनीही मला चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवभाऊ मला न्यायला आले तेव्हा पेटीला कुलूप तसंच होतं.

हे लिहिते आहे तो दिवस बुधवार, २६ मार्च. गाव रागावलेलं नाही. उलट सात किलोमीटर ऑटोने जाणं चालू ठेवून सगळे वाट बघत आहेत, आणि वनिताच्या सासूबाईंनी मशीन सोड म्हणणं थांबवलं आहे. शेवंताबाई माजरीहून जावेला रोज फोन करतात. मी वनिताला रोज सकाळी दहाला करते. आजही केला.

"आज काकू ओसरीपर्यंत आल्या होत्या, बाई."

"मग?"

"खांबापाशी उभ्या राह्यल्या. म्या खुर्ची पुसली. पेटीची चाबी टेबलावर ठेवली. त्याइनं पायलं."

"आणि?"

"मोहा वाळत घातला हाय म्हने, बकऱ्या खातीन. गेल्या."

पाच दिवस उरले आहेत. माझ्या यादीतली बाकी सगळी कामं झाली. अनुसयाबाईंच्या अंगठ्याचं तेवढं राहिलं आहे.